उपाहारगृहांची कीर्ति आणि जिभेचा न्याय

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर विश्रामबाग हें उपनगर लागतें. १९१९ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें येथें विलिंग्डन कॉलेज सुरू केलें. १९४७ सालीं येथेंच अभियांत्रिकी कॉलेज निघालें व तें पुढें वालचंद कॉलेज या नांवानें प्रसिद्धीस आलें. कॉलेजें आलीं म्हणजे वसतिगृहें येतात, वसतिगृहांपाठोपाठ भुकेले विद्यार्थी येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ चहाची किटली व मिसळीचें पातेलें येतें. अशा वस्तींत एखाददुसऱ्या उपाहारगृहाचें नांव सर्वतोमुखीं होतें. परगांवचा पाहुणा आला कीं यजमान त्याला मोठ्या अभिमानानें तेथें घेऊन जातात. अर्धा तास रांगेंत उभें राहिल्यावर जागा मिळते, बशी समोर येते, आणि पाहुणा चार घास खाऊन हळूच म्हणतो, "चांगलें आहे; पण एवढें काय त्यांत?" यजमानांचा चेहरा उतरतो. घरीं परत येईपर्यंत वाद चालतो, आणि निकाल मात्र लागत नाहीं.

हा वाद विश्रामबागेपुरता नाहीं, आणि आजचाही नाहीं. महाराष्ट्रांत उपाहारगृहांची कीर्ति कशी निर्माण झाली याचा इतिहास पाहिला, तर पाहुणा व यजमान हे एकाच पदार्थाविषयीं बोलत नसतात असें आढळून येतें.

जुन्या काळीं घराबाहेर जेवणें ही चैन नव्हती, ती अडचण होती. यात्रेकरू, कज्जेदलालीसाठीं कचेरींत खेटे घालणारा पक्षकार, आणि शिक्षणासाठीं गांव सोडलेला विद्यार्थी, एवढ्यांनाच परक्या ताटावर बसावें लागे. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत किंवा माधुकरी मागत. ज्यांना चार पैसे देणें शक्य होतें ते खाणावळ धरीत. मुंबईच्या गिरणगांवांत एकट्यानें राहणाऱ्या हजारों कामगारांना घरगुती खाणावळी चालविणाऱ्या बायांनींच जेवूं घातलें. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायांची संघटना उभी केली. या खाणावळींची कीर्ति चवीवर तोललेली नव्हती. जेवण वेळेवर मिळतें का, पोट भरतें का, आणि पगार होईपर्यंत उधारी थांबते का, हे तिचे तीन निकष होते. ठाण्याच्या प्रसिद्ध 'मामलेदार' मिसळीचें नांवही कोणा बल्लवाचें नव्हे, तें शेजारच्या मामलेदार कचेरीचें आहे. कीर्तीचें पहिलें मूळ असें सोयींत व विश्वासांत रुजलेलें होतें.

दुसरें मूळ याहून खोल आणि अधिक कडू आहे. पदार्थ कसा आहे यापेक्षां तो कोणाच्या हातचा आहे आणि शेजारीं कोण बसला आहे, हा प्रश्न एके काळीं मोठा होता. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें झालेल्या एका समारंभांत चहा दिला गेला. तेथें उपस्थित असलेल्यांत न्यायमूर्ति रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. त्या मंडळींचीं नांवें वृत्तपत्रांत छापून आल्यावर शहरांत केवढें ग्रामण्य माजलें, आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण कसें गेलें, हें सर्वश्रुत आहे. त्या चहांत साखर कमी होती कीं जास्त, याची नोंद कोणींही ठेवली नाहीं!

यानंतर सुमारें तीस वर्षांनीं कोल्हापुरांत घडलेली हकीकत अधिक बोलकी आहे. राजवाड्याच्या पागेंत नोकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना, सवर्णांसाठीं राखलेल्या पाण्याला शिवल्याबद्दल, बेदम मार खावा लागला. छत्रपति शाहू महाराजांनीं अपराध्यांना शिक्षा केली, आणि गंगाराम यांना स्वतंत्र धंदा काढण्यास साह्य केलें. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नांवाचें चहाचें दुकान उभें राहिलें. दुकान स्वच्छ होतें. तरी गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढें थांबवून चहा घेऊं लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही देऊं लागले. सार्वजनिक स्थळीं अस्पृश्यता पाळूं नये असा हुकूम त्यांनीं १९१९ सालीं काढला होता. परंतु हुकुमानें दार उघडतें, ओठ उघडत नाहींत. त्यासाठीं राजाला कप हातांत घ्यावा लागला.

या हकीकतींत कीर्तीचें सारें रहस्य सांठवलेलें आहे. आज ज्या उपाहारगृहाविषयीं 'उगाच नांवाजलेलें' अशी कुरकुर होते, त्याची ही नेमकी उलट बाजू होय. एका ठिकाणीं चवीपेक्षां गर्दी अधिक. दुसऱ्या ठिकाणीं चव असूनही गर्दी नाहीं. दोन्हींकडे समुदायानें जिभेला विचारलेलेंच नसतें.

पुढें इराणी हॉटेलांनीं व उडुपी उपाहारगृहांनीं ही कोंडी पुष्कळ अंशीं फोडली. मुंबईंत कयानी १९०४ सालीं, ब्रिटानिया १९२३ सालीं, आणि पुण्यांत गुडलक १९३५ सालीं निघालें. संगमरवरी टेबलाभोंवतीं कोणीही बसावें, एक कप चहा मागवावा आणि वर्तमानपत्र वाचावें, ही मुभा त्या काळीं लहान नव्हती. माटुंग्यास ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं महायुद्धाच्या टंचाईंत आपलें श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर जगन्नाथ शेट्टी यांचें 'वैशाली' विद्यार्थ्यांच्या पिढ्यांचें दुसरें घर झालें. फर्ग्युसन कॉलेज १८८५ चें. विलिंग्डन कॉलेज त्याच सोसायटीचें धाकटें अपत्य. तेव्हां फर्ग्युसन रस्त्यावर जें घडलें तें विश्रामबागेंतही लहान प्रमाणावर घडावें, यांत नवल नाहीं. चाळीस वर्षांनीं परत आलेला माजी विद्यार्थी त्याच टेबलापाशीं बसतो, तेव्हां परीक्षेचा निकाल, वसतिगृहांतले मित्र, खिशांतली शेवटची नोट हीं सारीं त्याच्या बशींत उतरतात. शेजारच्या नवख्या माणसाच्या बशींत मात्र फक्त डोसा असतो. मग दोघांचें मत एक कसें व्हावें?

कीर्तीचें तिसरें मूळ छापील स्तुतींत आहे. पॅरिसमध्यें ग्रिमो द ला रेनियेर यानें १८०३ सालीं खवय्यांसाठीं वार्षिक काढून भोजनालयांचें गुणदोषविवेचन सुरू केलें. मिशेलिन या टायर बनविणाऱ्या कंपनीनें १९०० सालीं मोटारचालकांसाठीं मार्गदर्शिका काढली, आणि १९२६ पासून उत्तम भोजनालयांस तारे देण्यास प्रारंभ केला. लोकांनीं मोटारी अधिक दामटाव्या आणि टायर झिजावे, या व्यापारी हेतूंतून रुचीचें एक न्यायासन निर्माण झालें! महाराष्ट्राच्या वांट्याला असा मान २०१५ सालीं आला. दादरच्या 'आस्वाद' उपाहारगृहाच्या मिसळीला लंडनमध्यें जगांतील सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून गौरविण्यांत आलें. मराठी माणसाला आनंद झाला, आणि लगोलग वादही पेटला. कोल्हापूरकरांना तिच्यांत तिखटाचा कट दिसेना, नाशिककरांना काळ्या रश्श्याची आठवण झाली, पुणेकरांनीं आपल्या पोह्यांच्या मिसळीची बाजू मांडली. मिसळ आदल्या दिवशीं होती तशीच होती. वाढली होती ती अपेक्षा. आणि अपेक्षा ही अशी भूक आहे कीं ती खाल्ल्यानें भागत नाहीं.

याचा अर्थ पाहुण्याची तक्रार नेहमींच पोकळ असते असा नव्हे. कीर्ति वाढली म्हणजे पातेलें मोठें होतें, मसाला वाटणारे हात बदलतात, आणि टेबल लवकर मोकळें व्हावें म्हणून घाई सुरू होते. नित्याच्या गिऱ्हाइकाला हा बदल जाणवत नाहीं. कारण तो रोज थोडाथोडा झालेला असतो. नवखा माणूस मात्र एकाच घासांत तो ओळखतो. त्याचा तो संकोचानें उच्चारलेला 'पण' मालकानें ऐकला, तर दुकानाचेंच कल्याण आहे. उलट पाहुण्यानेंही हें विसरूं नये कीं, ज्या जागेनें कोणा परगांवच्या मुलाला उधारीवर दोन घांस दिले, किंवा सर्व जातींच्या माणसांना एका बाकावर बसविलें, तिची कीर्ति केवळ तिखटमिठानें मोजतां येत नाहीं.

गर्दी हा इतिहासाचा पुरावा आहे, चवीचा नाहीं. ती कृतज्ञता सांगते, संवय सांगते, कधीं भीड तर कधीं फॅशन सांगते. कोल्हापुरांतल्या त्या दुकानापुढें ती एके काळीं जमली नव्हती, म्हणून तेथला चहा वाईट ठरला नाहीं. तेव्हां विश्रामबागेंत रविवारीं सकाळीं रांगेंत उभें राहणाऱ्यानें रांगेंत खुशाल उभें राहावें. परंतु आपला क्रम येईपर्यंत शेजारच्या दुकानांतल्या रिकाम्या बाकाकडेही एकदां पाहावें. तेथें कोणी अजून बसला नाहीं, एवढाच कदाचित् त्याचा दोष असेल.