चषकविजेत्यांचा चषक : एका लुप्त स्पर्धेच्या अंतिम सामन्यांचा विचार

युरोप खंडातील क्लबांसाठी भरविली जाणारी ‘चषकविजेत्यांचा चषक’ ही फुटबॉल स्पर्धा १९६०-६१ पासून १९९८-९९ पर्यंत एकोणचाळीस वर्षे चालली आणि नंतर बंद करण्यात आली. राष्ट्रीय साखळी-विजेत्यांची स्पर्धा सर्वांत श्रेष्ठ आणि ही तिच्या खालची, असे तिच्याविषयी सामान्यतः म्हटले जाते. ज्या अर्थी ती बंद पडली त्या अर्थी ती मुळातच दुय्यम असली पाहिजे, असाही निष्कर्ष त्यातून काढला जातो. परंतु शेवटावरून आरंभाचे व मध्याचे मूल्य ठरविणे ही इतिहासलेखनातील नेहमीची चूक होय. तिच्या अंतिम सामन्यांचा पुरावा काय सांगतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाचा विचार करू. या नावात ‘चषक’ हा शब्द दोनदा येतो, पण दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एक नाही. पहिला चषक प्रत्येक राष्ट्राच्या अंतर्गत बाद-स्पर्धेचा, दुसरा खंडाचा. दुसऱ्याचा अर्थ सर्वस्वी पहिल्यावर अवलंबून आहे. आता व्यवहार पाहावा. एखाद्या क्लबाने आपल्या देशात साखळी-विजेतेपद व चषक ही दोन्ही मिळविली तर तो विजेत्यांच्या स्पर्धेत जाई आणि त्याची येथील जागा चषकाच्या उपविजेत्यास मिळे. १९६० मध्ये इटलीत युव्हेंटसने दोन्ही मान मिळविल्यामुळे पराभूत फिओरेन्तीनास प्रवेश मिळाला, आणि तोच क्लब या स्पर्धेचा पहिला विजेता ठरला! १९९९ च्या अखेरच्या अंतिम सामन्यात खेळलेला मायोर्का हा स्पॅनिश क्लबही बार्सेलोनाच्या अशाच दुहेरी यशामुळे आत आलेला होता. नाव एक सांगते आणि नियम दुसरे घडवितो. संज्ञेवर विसंबणाऱ्या अभ्यासकाने हा भेद ध्यानात ठेवावा.

स्पर्धेचा आरंभ अगदी लहान होता. पहिल्या वर्षी अवघे दहा क्लब उतरले, आणि व्यवस्था ‘यूएफा’ या खंडीय महासंघाकडे नसून मध्य युरोपातील जुन्या मित्रोपा चषकाच्या समितीकडे होती. अंतिम फेरी दोन सामन्यांची झाली. फिओरेन्तीनाने ग्लासगोच्या रेंजर्सला त्यांच्या मैदानावर २–० आणि फ्लॉरेन्समध्ये २–१ असे हरविले. पुढील वर्षापासून यूएफाने कारभार हाती घेतला व पहिल्या वर्षाच्या विजेतेपदास मागाहून मान्यता दिली. १९६२ चा अंतिम सामना मे महिन्यात ग्लासगो येथे १–१ असा बरोबरीत सुटला आणि फेरसामना थेट सप्टेंबरमध्ये श्टुटगार्ट येथे झाला. त्यात आत्लेतिको माद्रिदने ३–० असा विजय मिळविला. वेळापत्रकात या स्पर्धेला तेव्हा स्थिर जागा नव्हती, हे या चार महिन्यांच्या अंतरावरून दिसते.

यापुढचा पुरावा मात्र दुय्यमत्वाच्या मताला अनुकूल नाही. एकोणचाळीस वर्षांत बत्तीस निरनिराळे क्लब विजयी झाले. सर्वाधिक म्हणजे चार विजय बार्सेलोनाचे (१९७९, १९८२, १९८९, १९९७). एकाही क्लबास चषक लागोपाठ दोनदा राखता आला नाही. गतविजेता पुढील वर्षी अंतिम सामन्यापर्यंत येऊन हरला, असे मात्र आठ वेळा घडले. १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनने गोथेनबर्ग येथे रेआल माद्रिदचा २–१ असा पराभव केला. १९८८ मध्ये बेल्जियमच्या मेखेलेनने युरोपीय स्पर्धांतील आपल्या पहिल्याच वर्षी आयाक्सला १–० असे हरविले. त्यांनी उपांत्य फेरीत ज्या आतालांताला बाद केले, तो क्लब त्या वर्षी इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. काही मोजक्या सामन्यांच्या बळावर सामान्य क्लबालाही खंडाच्या रंगभूमीवर उभे राहता यावे, हे तत्त्व येथे केवळ नियमपुस्तिकेत राहिले नव्हते.

पूर्व युरोपच्या दृष्टीने तर या स्पर्धेचे महत्त्व अधिकच आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये वॉर्सा करारातील सैन्ये चेकोस्लोव्हाकियात घुसली. त्यानंतर यूएफाने पूर्वेकडील व पश्चिमेकडील क्लब पहिल्या फेरीत वेगळे ठेवले आणि निषेध म्हणून सोव्हिएट संघ व त्याच्या सहकारी राष्ट्रांच्या क्लबांनी माघार घेतली. ज्या देशावर आक्रमण झाले त्याचा स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा हा क्लब मात्र खेळला, आणि २१ मे १९६९ रोजी बाझेल येथे बार्सेलोनाला ३–२ असे हरवून विजयी झाला. पुढे माग्देबुर्ग (१९७४), दिनामो कीव्ह (१९७५ व १९८६) आणि दिनामो त्बिलिसी (१९८१) यांनी हा चषक जिंकला. १९८६ पूर्वी पूर्व गटातील एकाही क्लबास विजेत्यांचा चषक किंवा यूएफा चषक मिळाला नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदींचे वजन कळते.

येथे पुराव्याविषयी एक इशारा आवश्यक आहे. १९६५ मध्ये वेम्ब्ली येथील अंतिम सामन्यास सुमारे ९७ हजार प्रेक्षक होते. १९८१ मध्ये ड्युसेलडोर्फ येथे पाच हजारही नव्हते. केवळ आकडे पाहणारा म्हणेल की स्पर्धेची लोकप्रियता ओसरली. परंतु १९८१ चे प्रतिस्पर्धी त्बिलिसी आणि पूर्व जर्मनीचे कार्ल झाइस येना हे होते, आणि सामना पश्चिम जर्मनीत होता. ज्यांना आपला संघ पाहण्याची आस होती त्यांना सीमा ओलांडण्याची मोकळीक नव्हती. रिकाम्या बाकांचा अर्थ अनास्था असाच होतो असे नाही. कधी तो राज्यव्यवस्थेचा पुरावा असतो. त्या सामन्यातील दोन्ही क्लब टिकले. ज्या राज्यांच्या नावे ते खेळले ती दोन्ही १९९१ संपेपर्यंत नकाशावरून नाहीशी झाली.

मग ही स्पर्धा संपली का? कारण तिच्या अंतिम सामन्यांत नसून बाहेर आहे. १९९२ मध्ये विजेत्यांच्या स्पर्धेचे ‘चॅम्पियन्स लीग’ असे नामांतर झाले, आणि १९९७-९८ पासून मोठ्या राष्ट्रांच्या साखळी-उपविजेत्यांनाही तीत प्रवेश मिळू लागला. परिणाम तत्काळ दिसला. १९९७ मध्ये हा चषक जिंकणारा बार्सेलोना त्याच वर्षी साखळीत दुसरा आला होता. तो चषक राखण्यासाठी न उतरता चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. स्वतः गतविजेताच जेथे परत येत नाही, तेथे स्पर्धेचा अर्थ कसा टिकावा? १९ मे १९९९ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर लात्सिओने मायोर्काला २–१ असे हरविले आणि हा इतिहास संपला. पुढील हंगामापासून राष्ट्रीय चषकविजेत्यांची सोय यूएफा चषकात करण्यात आली, तर चॅम्पियन्स लीगमध्ये एका राष्ट्राचे चार क्लबही येऊ लागले.

सारांश, ही स्पर्धा तिच्यातील खेळ हलका होता म्हणून बुडाली नाही. साखळीतील दुसरे-तिसरे स्थान हे राष्ट्रीय चषकापेक्षा मोलाचे ठरविण्यात आले, तेव्हा तिच्या नावातील पहिल्या ‘चषका’चा अर्थच क्षीण झाला, आणि दुसरा त्याच्यावरच उभा असल्यामुळे तोही कोसळला. तिला दुय्यम म्हणणारे मत हा तिच्या इतिहासाचा निष्कर्ष नव्हे; तो तिच्या अखेरच्या दोन वर्षांचा परिणाम होय.