डेंग्यू : ताप उतरला म्हणजे धोका टळला का?

पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. चार-पाच दिवसांनी ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. पण डेंग्यूमध्ये सर्वात जास्त जपायची वेळ तीच असते.

डेंग्यू कसा होतो?

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एडिस डासाची मादी बाधित माणसाला चावते आणि पुढे इतरांना चावून विषाणू पसरवते. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो. त्यानंतर ४ ते १० दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, डोळ्यांमागे दुखणे, अंगदुखी, मळमळ किंवा पुरळ अशी लक्षणे दिसतात. एकदा डेंग्यू झाला तरी वेगळ्या प्रकाराचा पुन्हा होऊ शकतो आणि दुसऱ्या वेळी तो गंभीर होण्याची शक्यता वाढते.

धोक्याचा काळ कोणता?

ताप उतरू लागल्यानंतरचे २४ ते ४८ तास. या काळात काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो आणि रक्तदाब घसरू शकतो. त्यामुळे फक्त प्लेटलेटचा आकडा पाहून भागत नाही.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर लगेच रुग्णालयात जा:
• पोटात खूप दुखणे
• सतत उलट्या
• नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शौच
• दम लागणे, हातपाय गार पडणे
• खूप सुस्ती किंवा बेचैनी

उपचार काय?

विषाणूवर खास औषध नाही. विश्रांती, भरपूर पाणी, ओआरएस, पेज आणि तापासाठी डॉक्टर सांगतील तेवढेच पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. पपईच्या पानांच्या रसाचे मेसेज फिरतात, पण त्यावर विसंबून रुग्णालयात जायला उशीर करू नका.

डेंग्यू कसा टाळायचा?

हा डास घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा. पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली रिकामी करा. नुसते पाणी ओतून उपयोग नाही, भांडी आतून घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. गच्चीवरचे टायर, करवंट्या काढून टाका, टाक्यांना झाकण लावा. दिवसाही अंगभर कपडे घाला. रुग्णाला मच्छरदाणीत ठेवा, म्हणजे त्याच्यापासून घरातल्या इतरांपर्यंत आजार पोहोचणार नाही.