मॉस्कोतील एक वादमंडळ

विद्येचा इतिहास सांगताना आपण बहुधा ग्रंथांची व ग्रंथकर्त्यांची नावे सांगतो. पण ग्रंथ लिहिला जाण्यापूर्वी त्यातील विचार कोठेतरी बोलला गेलेला असतो, कोणीतरी तो खोडून काढण्याचा प्रयत्न केलेला असतो, आणि त्या ओढाताणीतून जे तगले तेच कागदावर उतरलेले असते. हे बोलणे ज्या खोल्यांत झाले त्या खोल्यांचा इतिहास मात्र क्वचितच कोणी लिहितो. अशाच एका मंडळाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ते मॉस्को शहरात १९२५ च्या सुमारास भरू लागले आणि १९२९ मध्ये मोडले. पण त्या चार वर्षांत जे घडले, त्याची छाप आजच्या उत्क्रांतिशास्त्रावर स्पष्ट दिसते.

प्रथम त्या काळचे भांडण ध्यानी घेतले पाहिजे. डार्विनने आपला ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. मेंडेलचा वाटाण्यावरील निबंध १८६६ चा, पण जगाने तो १९०० मध्ये खऱ्या अर्थाने वाचला. आता आनुवंशिकतेचे नियम हाती आले म्हणजे डार्विनची बाजू भक्कम होईल, असे कोणासही वाटावे. झाले उलटेच. प्रयोगशाळेत काम करणारे म्हणत की जीवजाती एकदम उडी मारून बदलतात. डार्विनच्या संथ निवडीचे फारसे काम उरत नाही. रानावनात हिंडून प्राण्यांचे वर्गीकरण करणारे म्हणत की तुमच्या बाटलीतील व्यंगे निसर्गात आम्हांस कोठे दिसतच नाहीत. दोघेही आपापल्या ठिकाणी खरे बोलत होते, आणि दोघांची बोलाचाली जवळजवळ बंद होती.

हे दोन्ही पक्ष ज्याच्या एकट्याच्या ठायी नांदत होते, असा एक माणूस मॉस्कोत होता. त्याचे नाव सर्गेई चेत्वेरिकॉव. जन्म १८८० चा. फुलपाखरे व पतंग गोळा करून त्यांच्या जाती-उपजाती लावणे हा त्यांचा मूळचा नाद. १९०५ मध्येच त्यांनी कीटकांच्या संख्येत वर्षानुवर्षे येणाऱ्या भरती-ओहोटीवर लिहिले होते. पुढे निकोलाय कोल्त्सॉव यांनी मॉस्कोत स्थापिलेल्या प्रायोगिक जीवशास्त्राच्या संस्थेत आनुवंशिकतेचा विभाग त्यांच्याकडे आला. १९२२ मध्ये हर्मन मुल्लर हा अमेरिकन शास्त्रज्ञ रशियात आला, तेव्हा त्याने ड्रोसोफिला नावाच्या फळमाशीचे वाण सोबत आणले. पिकल्या केळ्यांवर जी बारीक चिलटे घोंघावतात, त्यांचेच हे कुळ. फुलपाखरांच्या अभ्यासकाला आता प्रयोगशाळेतील हत्यार मिळाले.

त्यांच्याभोवती जमलेली मंडळी तरुण होती. कोणी नुकताच पदवीधर झालेला, कोणी होऊ घातलेला. निकोलाय तिमोफेयेव-रेसॉव्स्की, बोरिस अस्तौरॉव, एलिझावेता बाल्काशिना, निकोलाय बेल्यायेव, प्योत्र रोकित्स्की ही त्यांतील काही नावे. स्त्रियाही बरोबरीने बसत. बैठक संस्थेच्या दालनात नव्हे, तर सभासदांच्या घरी आळीपाळीने भरे, आणि चहाच्या संगतीने चाले. परदेशी नियतकालिकांतील ताजा निबंध कोणीतरी वाचून आणावा, त्याचा सारांश सांगावा, आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडावे, असा शिरस्ता होता. वक्त्याला मध्येच अडविण्याची मुभा सर्वांना होती. गुरूही त्यातून सुटत नसत. म्हणूनच या मंडळाला त्यांनी ‘सोऑर’ असे थट्टेचे नाव दिले होते. ‘मिळून केलेला आरडाओरडा’ या अर्थाच्या रशियन शब्दांवरून ते बेतलेले होते. नवा सभासद घ्यावयाचा तर सर्वांचे एकमत लागे.

या गलबल्यातून १९२६ मध्ये चेत्वेरिकॉव यांचा प्रसिद्ध निबंध बाहेर पडला. त्यातील विचार असा. निसर्गात उत्परिवर्तने सतत होत असतात; पण त्यांपैकी बहुतेक सुप्त असतात. जनुकांची जोडी असते, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले. त्यांतील एकच बदललेले असेल तर प्राणी बाहेरून पूर्वीसारखाच दिसतो. म्हणजे रानातील जात वरवर एकसारखी दिसली तरी आत अगणित भेद साठवून असते. जात ही स्पंजासारखी उत्परिवर्तने शोषून घेते, अशी उपमा त्यांनी दिली. परिस्थिती पालटली की निवडीला लागणारा माल या कोठारात तयार असतो.

आता याला पुरावा हवा. शिष्यांनी काळ्या समुद्राकाठच्या गेलेंझिक गावाजवळून २३९ रानमाश्या पकडून आणल्या. दिसावयास त्या सगळ्या सारख्या. परंतु त्यांच्या संततीचा आपसांत संकर करताच दडून बसलेले गुण पृष्ठभागावर आले; तीसहून अधिक निरनिराळी उत्परिवर्तने मोजता आली. वर्गीकरणकारांना रानात जे दिसत नव्हते ते तेथेच होते. फक्त झाकलेले होते. १९२७ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले. इंग्लंडात फिशर व हॉल्डेन आणि अमेरिकेत राइट हे त्याच सुमारास गणिताच्या वाटेने त्याच ठिकाणी येत होते. यांपैकी हॉल्डेन उत्तरायुष्यात भारतात येऊन येथलेच नागरिक झाले, हे पुष्कळांना ठाऊक असेल.

मग १९२९ साल उजाडले. घरोघरी भरणारी, बाहेरच्याला सहजासहजी प्रवेश न देणारी आणि चमत्कारिक नाव धारण करणारी बैठक त्या काळच्या सत्तेला संशयास्पद वाटण्यास फारसे कारण लागत नव्हते. चेत्वेरिकॉव यांना अटक झाली. खटला चालला नाही. त्यांना उरल भागातील स्वेर्दलॉव्स्क येथे हद्दपार करण्यात आले. मंडळ विखुरले. मॉस्कोतील त्या जागेवर ते पुन्हा कधी परतले नाहीत.

१९३५ पासून ते गॉर्की येथील विद्यापीठात शिकवू लागले आणि तेथे ओकच्या पानांवर वाढणाऱ्या रेशमी पतंगावर त्यांनी काम केले. रशियाच्या थंडीत तगेल असा वाण त्यांनी निवडीने तयार केला. आपल्याकडे भंडारा-चांदा भागात ज्या किड्यापासून कोसा रेशीम निघते, त्याचाच हा भाऊबंद. पण ऑगस्ट १९४८ मध्ये लिसेंको याच्या पक्षाचा जय झाला, मेंडेलच्या शास्त्राला राज्याने त्याज्य ठरविले, आणि अठ्ठावन्नचे नव्हे तर अडुसष्ट वर्षांचे चेत्वेरिकॉव पुन्हा एकदा पदच्युत झाले. त्याआधीच १९४३ मध्ये थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलॉव तुरुंगात मरण पावले होते.

मंडळ मोडले, त्याची सवय मोडली काय? तिमोफेयेव-रेसॉव्स्की यांचे चरित्र याचे उत्तर देते. ते १९२५ मध्येच बर्लिनला गेले होते. तेथे त्यांनी तशाच बैठका चालविल्या. माक्स डेलब्रुक या तरुण पदार्थवैज्ञानिकासह जनुकाच्या स्वरूपावरचा १९३५ चा निबंध त्याच वातावरणात सिद्ध झाला. हिटलरच्या राज्यात ते तेथेच राहिले, याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत. त्यांचा मुलगा मात्र नाझीविरोधी कार्यात पकडला गेला व परत आला नाही. १९४५ मध्ये रशियन सैन्य आल्यावर तिमोफेयेव स्वतः पकडले गेले. १९४६ मध्ये मॉस्कोच्या बुतिर्की तुरुंगातील कोठडीत त्यांनी कैद्यांचेच एक शास्त्रीय मंडळ उभे केले. तेथे नव्याने आलेल्या सोल्झेनित्सिन यांनाही त्यांनी विचारले की तुम्ही कशावर बोलाल? सोल्झेनित्सिन अणुबाँबवर बोलले. पुढे श्रमछावणीत दृष्टी जवळजवळ गेलेला हा माणूस उरलमधील मियासोवो सरोवराच्या काठी उन्हाळ्यात पुन्हा तरुणांना जमवून वाद घालीत बसला.

यावरून विचाराला कोणी मारू शकत नाही, असे सुलभ तात्पर्य आम्ही काढू इच्छित नाही. माणसे मारली गेली, प्रयोगशाळा बंद पडल्या, एका मोठ्या देशाचे जीवशास्त्र एका पिढीने मागे गेले. ही हानी कोणत्याही सुभाषिताने भरून निघत नाही. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की सत्ता ज्ञानाचे आसन काढून घेऊ शकते. परंतु गुरूला अडवून प्रश्न विचारण्याची सवय एकदा अंगी मुरली की ती माणसाबरोबर प्रवास करते.

१९५९ मध्ये, डार्विनच्या ग्रंथाच्या शताब्दीच्या वर्षी, जर्मन शास्त्रपीठाने चेत्वेरिकॉव यांस डार्विन-पदक दिले. त्याच वर्षी ते वारले. तेव्हा त्यांची दृष्टी गेलेली होती. त्यांच्या निबंधाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९६१ मध्ये छापले गेले. त्यांचा शिष्य अस्तौरॉव १९६६ मध्ये रशियातील आनुवंशिकीशास्त्रज्ञांच्या संघाचा अध्यक्ष झाला.

आपण व्याख्याने ऐकावयास जातो, शांतपणे ऐकतो, टाळ्या वाजवतो व घरी येतो. त्यात गैर काही नाही. परंतु मॉस्कोतील त्या खोल्यांत जे शास्त्र वाढले ते टाळ्यांवर वाढले नाही. चहा निवत असताना कोणीतरी गुरूला म्हणाले, ‘थांबा, हे मला पटत नाही,’ आणि गुरू थांबले. रानातल्या माशीत दडलेले भेद दिसले ते त्यानंतर.