‘लोक काय म्हणतील?’ याचं गणित : सोशल रिलेशन्स मॉडेल सोप्या भाषेत

२०२० मध्ये मुंबईतली नोकरी गेली आणि मी म्हसळ्याला घरी परत आलो. सुरुवातीला एसटी स्टँडकडे जायचंच टाळायचो. वाटायचं, सगळ्यांच्या तोंडी माझाच विषय असणार. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची कौलं चढवायला गेलो, तर नोकरीचं कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून डोक्यात प्रश्न होता : लोक आपल्याला कसं बघतात याचा आपला अंदाज किती बरोबर असतो, हे मोजता येतं का? येतं. कसं, ते बघूया.

मेटापर्सेप्शन म्हणजे काय?

‘तो मला कसा समजतो’ याबद्दलचा माझा अंदाज म्हणजे मेटापर्सेप्शन. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्येच म्हटलं होतं की, दुसऱ्याच्या नजरेत आपण कसे दिसत असू या कल्पनेतून आपली स्वतःबद्दलची प्रतिमा घडते. ते मोजायचं साधन मात्र बरंच नंतर आलं.

डेटा कसा गोळा करतात?

समजा, नाक्यावर रोज चहाला बसणारे पाच मित्र आहेत. प्रत्येकाने बाकी चौघांबद्दल दोन आकडे लिहायचे : ‘हा किती भरवशाचा?’ (१ ते १०) आणि ‘हा मला किती गुण देईल?’ म्हणजे २० खरे गुण आणि २० अंदाज. या पद्धतीला राउंड रॉबिन म्हणतात.

मॉडेल काय करतं?

डेव्हिड केनी आणि लॉरेन्स ला व्हॉय यांनी १९८४ मध्ये सोशल रिलेशन्स मॉडेल मांडलं. ते प्रत्येक आकड्याचे भाग पाडतं. उदाहरणादाखल आकडे घेऊ :

- गटाच्या अंदाजांची सरासरी : ६
- माझा स्वभाव संशयी, माझे सगळेच अंदाज कमी : −२
- समोरचा ‘कडक’ आहे असं सगळ्यांनाच वाटतं : −१
- पण आमचं दोघांचं खास जमतं असं मला वाटतं : +१

एकूण ४. शेवटच्या भागात थोडी मोजमापाची चूकही मिसळलेली असते. ती वेगळी काढायला एकापेक्षा जास्त प्रश्न किंवा फेऱ्या लागतात. शिवाय कुणी स्वतःला गुण देत नाही, त्यामुळे साधी सरासरी चालत नाही, दुरुस्ती करावी लागते. गटात किमान चार जण हवेत. हे हिशेब ‘आर’ भाषेतलं ‘ट्रिपलआर’ पॅकेज करून देतं.

मग निष्कर्ष काय?

केनी आणि बेला डीपॉलो यांनी १९९३ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. ‘एकंदरीत लोक मला कसं बघतात’ हे आपल्याला बऱ्यापैकी कळतं. पण ‘या चौघांपैकी नेमका कोण मला जास्त मानतो’ हे फारसं कळत नाही. कारण आपण समोरच्याचा चेहरा वाचण्यापेक्षा स्वतःबद्दलचं आपलंच मत सगळ्यांच्या डोक्यात भरतो.

२०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी लोकांना गप्पा मारायला बसवलं. समोरच्याला आपण जितके आवडलो असं लोकांना वाटलं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते जास्त आवडले होते.

एक सावधगिरी

हा प्रयोग मित्रांमध्ये करायचा असेल, तर नावांऐवजी क्रमांक वापरा आणि कुणी कुणाला किती गुण दिले ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मैत्री तुटायला एक आकडा पुरतो.

माझ्यापुरतं उत्तर मिळालं. स्टँडवर मला जे ‘लोक’ बोलताना ऐकू यायचे, त्यातला बराचसा आवाज माझाच होता. मॉडेलच्या भाषेत तो −२. आता संध्याकाळी चहाला तिथेच असतो.