घोंगडी पांघरलेला पाहुणा

मुंबई बंदरात बोटीतून उतरलेला गोरा शिपाई आगगाडीने घाट चढून यायचा आणि त्याचा मुक्काम पडायचा देवळालीच्या छावणीत. ही छावणी 1861 मध्ये उभी राहिली. नोकरीची मुदत संपलेले शिपाईही इथेच येऊन परतीच्या बोटीची वाट बघत. बोटी हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे कुणाकुणाला महिनोन्‌महिने थांबावे लागे. त्या रिकामपणाने डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द रूढ झाला, तो देवळालीच्याच नावावरून. ही फौज मुंबई इलाख्याची. 1886 च्या अखेरीपासून 1890 पर्यंत तिचे सरसेनापती होते ड्यूक ऑफ कॅनॉट, राणी व्हिक्टोरियाचे तिसरे चिरंजीव.

राणीचा मुलगा इलाख्यात आहे म्हटल्यावर त्याच्या मानपानाचे समारंभ होणारच. अशा समारंभाचे आमंत्रण आले की ठेवणीतली पगडी बाहेर निघे, अंगरख्यावर शेला येई, बोटांत अंगठ्या चढत. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक आणि डचेस यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. पाहुण्यांच्या यादीत चिपळूणकरांचे स्नेही जोतीराव फुले होते.

जोतीरावांकडे चांगले कपडे नव्हते, असे मुळीच नाही. ते यशस्वी कंत्राटदार होते, पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेले होते. त्या दिवशी मात्र ते आले शेतकऱ्याच्या वेशात: डोक्याला मुंडासे, खांद्यावर घोंगडी, पायांत जुनाट वहाणा. दारावरच्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले आणि यजमानांना स्वतः बाहेर येऊन त्यांना आत न्यावे लागले, असे सांगतात.

आत जाऊन ते नुसते बसून राहिले नाहीत. भाषणाला उभे राहिले आणि राजपुत्रालाच बोलले. समोर हिऱ्यामोत्यांनी मढून बसलेली ही मंडळी म्हणजे राणीची प्रजा नव्हे. खरी प्रजा बघायची असेल तर खेड्यांत जा, महारवाड्यांत जा, आणि या लोकांना शिक्षण हवे आहे एवढे राणीसाहेबांना कळवा, असा त्या भाषणाचा आशय होता. भाषण धीटच होते. पण ते संपेपर्यंत ती घोंगडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि शब्दांना वजन आले ते तिच्यामुळे. शेतकऱ्याची दैना त्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बारकाव्यांसह मांडली होती, पुण्याच्या त्या मेजवानीत ती अंगावर घेऊन ते हजर राहिले.

हाच ‘असूड’ बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी जोतीरावांकडून वाचून घेऊन लक्षपूर्वक ऐकला होता. जोतीरावांनी प्रस्तावनेत त्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. शेतकरी घरातला गोपाळ 1875 मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला.

पुढे राजाचा पाहुणा होण्याची वेळ त्यांच्यावरही आली. 12 डिसेंबर 1911 च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज सिंहासनावर होते. प्रत्येक संस्थानिकाने जडजवाहिर लेवून पुढे यायचे, तीनदा लवून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा रिवाज ठरलेला होता. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात आले. अंगावर दागिना नाही, हातात काठी. एकदाच वाकले आणि वळून चालू लागले. हा प्रसंग चित्रफितीत टिपला गेला, लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवला गेला आणि तिकडच्या वर्तमानपत्रांनी महाराजांवर झोड उठवली. शेवटी त्यांना व्हाइसरॉय हार्डिंग यांच्याकडे लेखी खुलासा करून दिलगिरी कळवावी लागली. राज्य राखायचे तर त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. त्या पत्रामुळे ते लहान होत नाहीत. दरबाराच्या दुसऱ्याच दिवशी लाल किल्ल्यात उद्यानसमारंभ झाला. बादशहा आणि राणी मुकुट घालून झरोक्यात बसले आणि खाली नदीकाठच्या मैदानातून लाखो माणसे त्यांचे दर्शन घेत पुढे सरकत राहिली. निमंत्रित वर आणि रयत खाली, असा तो देखावा होता.

याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. गोलमेज परिषदेच्या सभासदांना पंचम जॉर्ज यांनी 5 नोव्हेंबर 1931 रोजी बकिंगहॅम राजवाड्यात चहाला बोलावले, तेव्हा पाहुण्यांत डॉ. आंबेडकर होते आणि पंचा नेसून, शाल पांघरून आलेले गांधीजीही. जगभरच्या वर्तमानपत्रांनी पंचाचीच चर्चा केली. आंबेडकरांचा प्रसंग त्यामानाने मागे पडला, आणि तसे व्हायला नको होते. राजाने त्यांना अस्पृश्यांच्या स्थितीविषयी विचारले. उत्तर ऐकून तो हादरला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. मग त्याने त्यांच्या वडिलांची आणि शिक्षणाची चौकशी केली. वडील रामजी सकपाळ त्याच साम्राज्याच्या फौजेत सुभेदार होते, आणि मुलाचा जन्मही महूच्या छावणीतला.

आंबेडकर त्या राजवाड्यात चहा घेत होते, तेव्हा देवळालीपासून तासाभराच्या वाटेवर, पंचवटीत, अस्पृश्यांचा काळाराम मंदिर प्रवेशाचा लढा सुरू होता. त्याची सुरुवात झाली होती 1930 मध्ये, तारीख पुन्हा 2 मार्च. नाशिकला त्यांचे सहकारी भाऊराव गायकवाड तो नेटाने चालवत होते आणि लंडनहून बाबासाहेबांची पत्रे त्यांना येत होती. राजवाड्याचे दार ज्यांना उघडले होते, त्यांना काळारामाचे दार बंद होते.