धर्मसंस्थेचा ऊसमळा : बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन मळे आणि ख्रिस्ती दांभिकतेचा प्रश्न

प्रस्तावना

ख्रिस्ती नीतिविचारात सेवेला आणि सेवकाला मोठे स्थान आहे. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचे स्मरण चर्चमध्ये दरवर्षी केले जाते. संत पौलाने दासांना आज्ञापालनाचा उपदेश केला, त्याचप्रमाणे धन्यांनीही दासांशी न्यायाने वागावे असे बजावले. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तर अनेसिम या दासाला भाऊ मानून स्वीकारावे, अशी विनंती त्याने केली. असे असताना ख्रिस्ती धन्यांनी आपल्या श्रमिकांना कसे वागविले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. दांभिकता हा सामान्यतः व्यक्तीचा दोष समजला जातो. परंतु एखादी धर्मसंस्थाच गुलामांची मालक असेल, तर हा दोष नियमांच्या आणि हिशेबाच्या रूपात कसा प्रकट होतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मृत्युपत्र आणि संस्था

इंग्लंडच्या चर्चशी संलग्न असलेली ‘सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल’ ही संस्था १७०१ मध्ये राजाच्या सनदेने स्थापन झाली. कँटरबरीचे आर्चबिशप तिचे अध्यक्ष असत. १७१० मध्ये मृत्यू पावलेला क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन याने बार्बाडोस बेटावरील आपले दोन ऊसमळे या संस्थेला दिले. तेथे विद्यालय उभारावे, त्यातील अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी धर्मशास्त्राबरोबर वैद्यक आणि शस्त्रक्रिया यांचाही अभ्यास करावा व लोकांच्या शरीराची काळजी घेत त्यांच्या आत्म्याचे हित साधावे, अशी त्याची इच्छा होती. मात्र त्याच मृत्युपत्रात मळ्यांवर कायम किमान ३०० गुलाम ठेवावेत, अशीही अट होती. परोपकाराचा खर्च गुलामांच्या श्रमांतून भागवायचा, ही विसंगती अशा रीतीने मुळातच अंतर्भूत होती.

आत्मा आणि मालमत्ता

गुलामाने बाप्तिस्मा घेतल्यास तो मुक्त होईल, अशी भीती वसाहतींतील मळेवाल्यांना वाटत असे. बाप्तिस्म्याने गुलामाची स्थिती बदलत नाही, असा कायदा व्हर्जिनिया वसाहतीने १६६७ मध्येच केला होता. धर्माधिकाऱ्यांनीही हीच भूमिका स्वीकारली. १७११ मध्ये बिशप फ्लीटवुड यांनी संस्थेच्या वार्षिक सभेतील प्रवचनात गुलामांना धर्मशिक्षण नाकारणाऱ्या धन्यांची कानउघाडणी केली. पण बाप्तिस्म्यामुळे गुलामावरील हक्क जात नाही, असा दिलासाही दिला. लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी १७२७ च्या पत्रांत ख्रिस्ती होण्याने नागरी मालमत्तेत बदल होत नाही, हे सविस्तर मांडले. आत्मा देवाचा आणि शरीर धन्याचे, अशी ही वाटणी होती. कॉड्रिंग्टनने शरीर आणि आत्मा यांची सांगड घातली होती. संस्थेच्या व्यवहारात ती तुटली.

मळ्यावरील वास्तव

सुरुवातीच्या काळात या मळ्यांवरील गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा शब्द डागला जात असे. ही प्रथा पुढे थांबविण्यात आली. परंतु ज्या संस्थेच्या नावात शुभवर्तमान होते, तिचे नाव माणसाच्या कातडीवर मालकीची खूण म्हणून उमटले, ही गोष्ट त्यामुळे पुसली जात नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मळ्यांवर जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होते. ही तूट नवे गुलाम विकत घेऊन भरून काढली जाई. बार्बाडोसमधील गुलामांना स्वतःच्या तुकड्यावर राबण्यासाठी आणि बाजारासाठी बहुधा रविवारच मोकळा मिळे. त्यामुळे शब्बाथ पाळावा असा उपदेश ऐकणाऱ्याला तो पाळण्याची सवड नसे. १७४५ मध्ये सुरू झालेल्या विद्यालयाचा लाभही गोऱ्या मुलांना मिळाला. ज्यांच्या श्रमांवर ते उभे राहिले, त्यांना नव्हे.

अंतर्गत टीका

त्या काळाची नीतीच तशी होती, असे समर्थन केले जाते. ते पूर्णतः ग्राह्य नाही. लंडनच्या क्वेकर सभेने १७६१ मध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्या सदस्यांना बहिष्कृत करण्याचा निर्णय घेतला. जॉन वेस्ली यांनी १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. १७८३ मध्ये बिशप बिल्बी पोर्टियस यांनी खुद्द या संस्थेसमोरील प्रवचनात कॉड्रिंग्टन मळ्यांवरील गुलामांची स्थिती सुधारण्याचे आवाहन केले. संस्थेने त्यांची योजना स्वीकारली नाही. म्हणजे सत्य सांगणारे लोक होते. ऐकून घेणाऱ्यांना ते महाग वाटत होते.

मुक्ती आणि भरपाई

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. तो १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला, तरी उमेदवारीच्या नावाखाली सक्तीचे श्रम १८३८ पर्यंत चालू राहिले. मालकांना एकूण २ कोटी पौंड भरपाई देण्यात आली. त्यातून या संस्थेला ४११ गुलामांपोटी ८,८२३ पौंड मिळाले. गुलामांना काहीही मिळाले नाही. माणसांची किंमत वसूल करून संस्था त्या व्यवहारातून बाहेर पडली.

समारोप

इंग्लंडच्या चर्चच्या जनरल सिनडने फेब्रुवारी २००६ मध्ये गुलामगिरीतील आपल्या सहभागाबद्दल क्षमायाचना केली. संस्थेच्या वारसदार मंडळाने २०२३ मध्ये कॉड्रिंग्टन परिसरातील वंशजांच्या हितासाठी ७० लाख पौंडांची योजना जाहीर केली. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला होता. धर्माच्या आधाराने माणसाला हीन ठरविण्याची रीत कोणत्याही एका धर्मापुरती मर्यादित नाही, हे त्या अर्पणपत्रिकेमागील भान होते. कॉड्रिंग्टन मळ्यांचा इतिहास दाखवितो की, दांभिकतेला नेहमी वाईट हेतूची गरज नसते. उपदेश एका वहीत आणि हिशेब दुसऱ्या वहीत ठेवला, की तेवढ्यानेच ती शतकभर टिकते. कोणत्याही धर्मसंस्थेची परीक्षा म्हणूनच तिच्या प्रवचनांपेक्षा तिच्यासाठी राबणाऱ्यांच्या स्थितीवरून व्हावयास हवी.