स्फुट गोष्टी

श्रुतपंचमीला आमच्या घरी कपाटातले सगळे ग्रंथ बाहेर निघतात. पुसायचे, ऊन दाखवायचं, नवी वेष्टनं बांधायची. पुष्पदंत-भूतबलींनी षट्खंडागम लिहून पुरा केला, त्याची ही आठवण. ऐकलेलं लिहून ठेवलं, म्हणून टिकलं. यंदा वेष्टनं बांधता बांधता मला हरिभाऊ आपट्यांच्या गोष्टी आठवल्या. त्याही टिकल्या, पण जरा उशिरानं.

हरिभाऊंनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातच क्रमशः आली. पण क्रमशः कादंबरीची एक अडचण असते. मधलाच अंक हाती आला, तर मागचं-पुढचं काही कळत नाही. अशा वाचकासाठी थोडक्यात संपणारं काही हवं. हरिभाऊ ते लिहीत गेले. कादंबरीहून वेगळ्या, म्हणून त्या ‘स्फुट गोष्टी’. मराठी लघुकथेची सुरुवात सांगताना आज त्यांचंच नाव घेतात. पण तेव्हा तिचं नाव नुसतं ‘स्फुट’, म्हणजे सुटी!

कादंबऱ्यांना पुस्तकाचा पुठ्ठा मिळाला, नाव मिळालं. गोष्टी अंकांतच राहिल्या. आणि साप्ताहिकाचं घरात काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. आधी फडताळात, मग डब्याखाली, शेवटी रद्दीत. पुढे कोणीतरी त्या वेचून ‘स्फुट गोष्टी’चे चार भाग काढले, म्हणून ‘डिस्पेप्सिया’ आपल्याला वाचता येते. दुष्काळावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’ही वाचता येते. ती वेचली नसती, तर भुकेल्या माणसांची ती हकिगत त्या अंकांबरोबरच गेली असती.

१९१२ साली हरिभाऊ अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९१७ साली संमेलन आमच्या इंदूरला भरलं. १९१९ मध्ये हरिभाऊ गेले. कादंबरीकार म्हणूनच लोक त्यांना ओळखत राहिले.

आमच्या इंदुरातही मराठी कमी होत चाललीय. मुलं हिंदी-इंग्रजी वाचतात, जुने अंक कोणासाठी ठेवायचे असं घरोघरी वाटतं. त्या अंकांत कितीतरी जणींची एखादीच गोष्ट छापलेली असते. तिचं पुस्तक कधी होत नाही.

म्हणून यंदा ग्रंथांबरोबर मी जुने दिवाळी अंकही पुसले. वेष्टन उरलं होतं, तेच त्यांना बांधलं.